खच्ची कोंबड्याचा अवजार-संच: सात नगांत कामाचे किती?

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. कोंबड्याचे वृषण काढून त्याला खच्ची करायचा हा संच घेण्याजोगा आहे, पण पेटीतून काढून जसाच्या तसा वापरण्याजोगा नाही. सुरी बाजूला ठेवा, फाशाची तार पहिल्याच दिवशी बदला आणि बरगड्या फाकवणारा स्प्रेडर बोटांवर ताणून पाहिल्याशिवाय जिवंत पक्ष्याजवळ नेऊ नका. दोरीऐवजी कापडी पट्टी घ्या. बाकीचे नग तपासून घेतले तर ठीक आहेत. आणि जी वस्तू सगळ्यात जास्त लागते ती पेटीत नसतेच: कपाळाला बांधायचा दिवा.

हा माल एकाच धाटणीचा असतो, नावं मात्र ढीगभर. पेटीत सहसा सात नग निघतात: स्प्रेडर, लहान सुरी, पडदा फाडायची आकडी, लांब दांड्याचा भोकं पाडलेला चमचा, तारेच्या फाशाची नळी, वाटीसारख्या टोकांचा चिमटा आणि पाय-पंख बांधायची दोरी. काही पेट्यांत चिमटा नसतो, तशी पेटी घेऊ नये. सोबत माहितीचा कागद येतो. त्यात कुठे कापायचं याचं एक चित्र असतं, आणि कुठे चुकतं याबद्दल एक ओळही नसते.

त्या कागदात आणखी दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली कायद्याची. कोंबडा खच्ची करायला सगळीकडे परवानगी नाही. ब्रिटनमध्ये मनाई आहे. युरोपीय संघात कॅपन, म्हणजे खच्ची कोंबडा, विकता येतो, पण त्या नावाने विकायचा तर पक्षी वयात येण्याआधी शस्त्रक्रिया झालेली असावी, त्यानंतर किमान ७७ दिवस तो पोसलेला असावा आणि कापताना किमान १४० दिवसांचा असावा, अशा अटी आहेत. त्यामुळे खरेदीआधी आपल्या ठिकाणचा नियम बघावा. दुसरी गोष्ट वेदनेची. बोकडाचं काम बाहेरून होतं. कोंबड्याचे वृषण मात्र पोटात, पाठीच्या कण्याला चिकटून असतात, त्यामुळे इथे पोटच उघडावं लागतं. जुन्या पद्धतीत भूल देत नसत. आज पशुवैद्य सोबत असताना भूल आणि वेदनाशामक न देण्याला कुठलंही कारण उरलेलं नाही. लिग्नोकेनसारख्या बधिर करणाऱ्या औषधाची मात्रा पक्ष्यात थोडी वाढली तरी जीव जाऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरनेच ठरवायची. औषध दिलेला पक्षी टेबलावर दगावला तर तो खाण्यासाठी वापरायचा नाही. जो वाचेल त्याचं मांस किती दिवसांनी खाता येईल, हेही डॉक्टरकडूनच विचारून घ्यायचं.

आता एकेक नग.

स्प्रेडर दोन प्रकारचे येतात, स्प्रिंगच्या तारेचा आणि स्क्रूचा. स्वस्त पेट्यांत स्प्रिंगचाच असतो. लावायला तो सोपा, पण त्याचा ताण ठरलेला, कमी-जास्त करता येत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या बरगड्या लवचीक असल्या तरी पातळ असतात. ताण जास्त झाला की बरगडी मोडते आणि मोडलेलं टोक फुप्फुसात शिरतं. तपासायची रीत साधी आहे: अंगठा आणि तर्जनीने स्प्रेडर पूर्ण मिटवून पाहा. दोन बोटांनी सहज मिटला पाहिजे. दुसरा हात लावावा लागत असेल तर ताण जास्त आहे. तेव्हा दोन्ही भुजा पकडीने किंचित आत वाकवाव्यात आणि पुन्हा पाहावं. पूर्ण उघडल्यावर आकड्यांतलं अंतर दोन ते अडीच सेंटिमीटर पुरतं. आकड्यांच्या कडा नखावरून फिरवा. खरखर लागली तर बारीक पॉलिश पेपरने घासून गोल करा, नाहीतर बरगडीच्या कडेचं मांस फाटत जातं आणि छिद्रात सारखं रक्त पाझरतं. बघायला ते किरकोळ असतं, पण त्या रक्ताखाली वृषण दिसेनासं होतं आणि चुका तिथूनच सुरू होतात. स्क्रूचा स्प्रेडर मिळाला तर तोच घ्यावा. लावायला दहा सेकंद जास्त जातात, पण लागेल तेवढंच उघडतं.

सुरीबद्दल फार बोलायला नको. पातं जाड, धार नावापुरती. दवाखान्यात वापरतात ते तीन नंबरचं स्काल्पेलचं हँडल आणि पंधरा नंबरचं पातं घ्या. अकरा नंबरचं टोकदार पातं मोहात पाडतं, पण त्याचं टोक बरगडीच्या आत किती गेलं ते कळत नाही आणि खाली आतडं असतं. दोन-तीन पक्ष्यांमागे पातं बदलावं. बोथट पात्याने जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की हात अचानक आत घसरतो.

स्टील चांगलं आहे का हे पाहायला बरेच जण लोहचुंबक लावतात. इथे ती परीक्षा उपयोगाची नाही. धार आणि कडकपणा हवा असलेल्या शस्त्रक्रियेच्या अवजारांचं स्टील चुंबकाला चिकटतंच. न चिकटणारं स्टील भांड्यांना चांगलं. त्याऐवजी मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस अवजाराच्या सांध्याभोवती रात्रभर गुंडाळून ठेवा. सकाळी गंजाचे ठिपके दिसले तर तो नग परत करा. चिमट्याचा खिळा आणि फाशाच्या नळीचं टोक या जागा सगळ्यात आधी गंजतात.

पडदा फाडायची आकडी नाजूक असते आणि ती तशीच हवी. टोक तीक्ष्ण असलं तरी चालतं, कारण ती खाली खुपसायची नसते. पडद्यात अडकवून वर उचलायची असते. काही पेट्यांत आकडीचं टोक इतकं लांब असतं की उचलताना ते आतड्याला लागतं. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त लांब असेल तर घासून कमी करावं.

खरा फरक पडतो तो वृषण काढायच्या अवजाराने. यासाठी पेटीत तीन पर्याय असतात आणि तिन्ही आलटून पालटून वापरावेत असं कागद सुचवतो. तो सल्ला चुकीचा आहे. एक निवडावा आणि त्यावरच हात बसवावा.

भोकांच्या चमच्याचं काम असं: वृषण चमच्यात घ्यायचं, त्याचा देठ कडेच्या खाचेत आणायचा आणि चमचा हळूहळू फिरवून देठ पिळून तोडायचा. पिळल्याने रक्तवाहिन्या चुरगळून मिटतात, म्हणून रक्त कमी जातं. अडचण अशी की स्वस्त चमच्याची खाच रुंद असते. देठ त्यातून सटकतो आणि वृषण अर्धवट तुटून चमच्यातून पडतं.

फाशाची नळी घोड्याच्या केसाच्या जुन्या फाशाचीच सुधारलेली आवृत्ती आहे. पातळ नळीच्या टोकाशी तारेचा फास असतो. तो वृषणाभोवती सरकवून देठाशी आणायचा आणि मागचं टोक ओढत पुढे-मागे हलवत देठ कापायचा. लहान वृषणासाठी याच्याइतकं नेमकं दुसरं काही नाही. पण पेटीतली तार दोन-चार पक्ष्यांत वेडीवाकडी होते. फास गोल राहत नाही, कोपरा पडतो आणि तो कोपरा वृषणाचा तुकडा मागे सोडतो. तार बदलताना दाताच्या डॉक्टरांकडे वापरतात तशी ०.२ ते ०.३ मिलिमीटरची स्टीलची तार घ्यावी. त्याहून पातळ तार धारदार पात्यासारखी कापते, देठ चुरगळत नाही आणि रक्त जास्त जातं. काही जण मासेमारीची नायलॉनची दोरी लावतात. ती मऊ असल्याने फास वृषणाखाली सरकवताना दुमडतो, पण कापताना करवतीसारखी चांगली चालते. हात बसलेला असेल तर चालेल, शिकताना नको.

वाटीच्या टोकांचा चिमटा दिसायला सगळ्यात भक्कम, म्हणून नवखे लोक आधी तोच उचलतात. त्याच्या दोन वाट्यांच्या कडा सगळीकडून सारख्या मिटतात का ते उजेडाकडे धरून पाहावं. फट दिसली तर तो कामाचा नाही. केसाचं टोक त्यात धरून ओढून पाहा. सुटता कामा नये. पण भिजवलेला वाटाणा धरला तर तो फुटताही कामा नये. दोन्ही परीक्षांत उतरणारे चिमटे थोडे. धोका इथे वेगळाच आहे. चिमट्याच्या पकडीत वृषणासोबत त्याला लागून गेलेली महाशीर (हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर) येऊ शकते, आणि ओढल्यावर काय झालं ते एका सेकंदात कळतं.

आमची पसंती: सात आठवड्यांच्या आतल्या पिल्लांसाठी फास, त्यापुढच्यांसाठी अरुंद खाचेचा चमचा, आणि चिमटा केवळ सुटलेला तुकडा उचलायला. तुकड्याबद्दल इतकं का सांगायचं, त्याचं कारण १८४९ सालचं आहे. जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये आर्नोल्ड बर्टहोल्ड या शास्त्रज्ञाने सहा कोंबड्यांवर एक प्रयोग केला. खच्ची केलेल्या काही पक्ष्यांच्या पोटात त्याने वृषण परत ठेवलं, तर ते आतड्याला चिकटून तिथेच जगलं. त्या कोंबड्यांचा तुरा वाढला, आरवणं आणि भांडणं चालू राहिली. रक्तातून जाणारा कुठला तरी पदार्थ हे सगळं घडवतो, याचा तो पहिला ठोस पुरावा मानला जातो. टेबलापाशी उभ्या माणसासाठी त्याचा अर्थ सोपा आहे: वृषण काढलं, पण वर आणताना पोटात पडलं आणि सापडलं नाही, तर काम झालेलं नाही. ते तिथेच रुजू शकतं. म्हणून वेगाने चालणाऱ्या पण हातातून सोडणाऱ्या अवजारापेक्षा सावकाश चालणारं आणि न सोडणारं अवजार केव्हाही चांगलं.

दोरीबद्दल. पेटीतली दोरी पातळ आणि काचणारी असते, तिच्याऐवजी रुंद कापडी पट्टी घ्या. पक्षी कुशीवर निजवून एक पट्टी दोन्ही पंखांच्या मुळाशी आणि दुसरी दोन्ही पायांना बांधायची. पट्टीच्या टोकाला अर्ध्या लिटरची भरलेली बाटली टेबलाखाली लोंबती ठेवली की ताण पुरेसा होतो. छातीवर मात्र वजन, पट्टी किंवा हात येऊ द्यायचा नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड वरखाली झालं तरच त्याचा श्वास चालतो. छाती दाबली तर दोन मिनिटांत गुदमरतो, आणि शस्त्रक्रियेने मेला असा गैरसमज होतो.

अवजारं बदलून, घासून तयार झाली की पक्षी निवडायचे. सहा ते आठ आठवडे वय, वजन ५०० ते ७०० ग्रॅम, या वेळी वृषण तांदळाच्या दाण्यापासून लहान घेवड्याच्या दाण्याएवढं असतं. तुरा लाल होऊन वर आला असेल तर उशीर झालाय: वृषण मोठं, रक्तवाहिन्याही मोठ्या. फारच लहान पिल्लात वृषण हाती येत नाही आणि चुरगळून फुटतं. जात जड आणि सावकाश वाढणारी हवी: प्लायमाउथ रॉक, ऱ्होड आयलंड रेड, ऑर्पिंग्टन, ब्रह्मा, जर्सी जायंट. ब्रॉयलर या कामाला निरुपयोगी. तो सहा-सात आठवड्यांत कापण्याजोगा होतो, आणि पुढे पोसत बसलं तर पाय आणि हृदय त्याआधी हार मानतात.

आदल्या दिवशीची तयारी अर्धं यश देते. खाद्य २४ तास आधी बंद, पाणी सुमारे १२ तास आधी बंद. पिंजऱ्याचा तळ जाळीचा हवा, नाहीतर पक्षी भुसाच खाऊन पोट भरतो. आतडं भरलेलं असलं की छिद्र उघडल्याबरोबर ते फुगून वर येतं आणि दिसत काहीच नाही. पिल्लांना आधीच्या आठवड्यांत रक्ती हगवणीवरचं सल्फाक्विनॉक्सालिन दिलं असेल तर डॉक्टरला आधी सांगावं. हे औषध शरीरातल्या व्हिटॅमिन केच्या कामात अडथळा आणतं, आणि मग साधी पाझरही थांबत नाही. उन्हाच्या दिवसांत काम पहाटेच उरकावं.

जागा अशी शोधायची: मांडीच्या सांध्यापासून बोट पुढे सरकवत न्यायचं. पहिली लागते ती शेवटची बरगडी. ती आणि तिच्या पुढची, या दोघींच्या मध्ये कापायचं. तिथली पिसं उपटायची, बाजूची पाण्याने ओली करून चापून बसवायची, कातडी पोव्हिडोन आयोडीनने पुसायची. स्पिरिट भरपूर ओतू नये, पिल्लू त्याने गारठतं. आता मुख्य युक्ती. कापण्याआधी त्या जागेची कातडी आणि खालचा मांडीचा पातळ स्नायू मागे, मांडीकडे ओढून धरायचा. शेवटी हात सोडला की कातडीवरचं छिद्र एकीकडे आणि बरगड्यांमधलं दुसरीकडे जातं, जखम आपोआप झाकली जाते. जुन्या पद्धतीत म्हणूनच टाके घालत नसत. डॉक्टर असेल तर विरघळणाऱ्या धाग्याचे एक-दोन टाके घालतो, ते जास्त बरं.

काप दोन ते अडीच सेंटिमीटरचा, बरोबर दोन बरगड्यांच्या मधोमध. पुढे सरकलं तर फुप्फुस, फिकट गुलाबी स्पंजासारखं दिसतं. ते दिसलं की जागा चुकली आहे. स्प्रेडर लावला की पारदर्शक पडदा दिसतो, श्वासाबरोबर हलणारा. तो हवापिशवीचा पडदा. आकडीने उचलून फाडायचा. वरच्या बाजूला, कण्याला लागून, मूत्रपिंडाच्या पुढच्या टोकाशी वृषण दिसतं. बहुधा पिवळसर पांढरं, पण काही जातींत राखाडी किंवा पार काळं. काळं पाहून ते यकृताचा तुकडा समजून सोडून देणारे कमी नाहीत.

इथून पुढे दोन गोष्टी विसरू नयेत. उघड्या छिद्रात आयोडीन, सलाइन, काहीही ओतायचं नाही. ही पोकळी हवापिशव्यांनी फुप्फुसाला जोडलेली आहे. द्रव आत गेला तर पक्षी आतल्या आत बुडतो. रक्त टिपायचं ते घट्ट वळलेल्या लहान बोळ्यांनी, आणि आत किती गेले, बाहेर किती आले, मोजून. दुसरं, नळीतून वायूने भूल दिली असेल तर फाटलेल्या हवापिशवीतून तो वायू बाहेर गळतो. पक्षी मध्येच जागा व्हायला लागतो, आणि हालचाल झाली तर हात थांबवायचा. डॉक्टरने भूल नीट केल्याशिवाय अवजार पुन्हा आत जाऊ नये.

एकाच बाजूने दोन्ही वृषणं काढता येतात. असं करायचं तर खालचं, म्हणजे लांबचं, आधी. वरचं आधी काढलं तर त्याचं रक्त खालच्यावर साचतं. पण दोघांच्या मध्ये महाशीर आणि महाधमनी असतात, आणि त्या ओलांडून पोचायचं म्हणजे हात बसलेला हवा. शिकताना दोन्ही बाजूंनी दोन वेगळे काप घ्यावेत. पक्ष्याला दोन जखमा होतात खऱ्या, पण टेबलावर मरण्याची शक्यता बरीच कमी होते. फास किंवा चमचा देठाखाली बसला की ओढायचं नाही. वर उचलायचंही नाही. जागच्या जागी पिळायचं किंवा कापायचं. महाशीर फाटते ती जवळपास नेहमी उचलण्याच्या झटक्याने. फाटली तर पोकळी क्षणात गडद रक्ताने भरते आणि उपाय काही नाही. पक्ष्याला लगेच मान मोडून मोकळं करावं. सावकाश पाझर असेल तर बोळा दोन मिनिटं दाबून धरायचा, दर दहा सेकंदांनी उचलून पाहायचा नाही.

काढलेलं वृषण ताटलीत ठेवून नीट पाहावं. बाहेरचं आवरण अखंड, गुळगुळीत, दोन्ही टोकं गोल असली तर काम पूर्ण. एक टोक सपाट किंवा फाटकं दिसलं तर उरलेला भाग आत आहे. तो तेव्हाच शोधायचा.

जिवंत पक्ष्याआधी मेलेल्या पक्ष्यांवर सराव करावा, हे सगळे सांगतात. बरोबरच आहे. मांसासाठी कापलेले त्याच वयाचे नर घ्यावेत, दहा-बारा तरी, आणि प्रत्येक वेळी दोन्ही वृषणं अखंड निघायला लागेपर्यंत या दहा-बारांची मोजणी सुरू करू नये. पण मेलेला पक्षी दोन गोष्टी शिकवत नाही. त्याची महाशीर रिकामी, चपटी असते, जिवंत पक्ष्यात ती फुगलेली आणि वृषणाला अगदी लागून. आणि मेलेल्या पक्ष्यात काही हलत नाही. जिवंतात सगळं श्वासासोबत वरखाली होतं, अवजार श्वास सोडण्याच्या क्षणी सरकवावं लागतं. म्हणून पहिले काही जिवंत पक्षी जाणत्या हाताखालीच. फक्त व्हिडिओ पाहून शिकलेल्यांच्या हातून जी पिल्लं जातात त्याचा दोष संचाला देण्यात अर्थ नाही.

नंतरची काळजी सोपी. खाली स्वच्छ कोरडा भुसा, बसायच्या दांड्या नकोत, लगेच पाणी आणि थोडं मऊ खाद्य, इतर कोंबड्यांपासून वेगळं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुशीला कातडीखाली फुगा दिसतो. आतली हवा बरगड्यांतल्या छिद्रातून येऊन कातडीखाली अडकते. निर्जंतुक सुईने कातडी टोचून हवा दाबून काढायची. बहुतेकांना दोन-तीनदा करावं लागतं, जखम आतून भरली की फुगा येणं थांबतं. वास, पिवळा स्राव किंवा पक्ष्याची सुस्ती मात्र वेगळी, ती डॉक्टरचं काम.

महिना-दीड महिन्यात फळ कळतं. तुरा आणि गळ्याखालची लोंबती कातडी लहान, फिकट राहिली तर पक्षी नीट खच्ची झाला. पुन्हा लाल होऊन वाढायला लागली तर तुकडा राहिलाय. अशा पक्ष्याला पुन्हा उघडण्यात हशील नाही, साध्या कोंबड्यासारखा लवकर कापून टाकावा. शेपटीची लांब पिसं पाहून मात्र घाबरू नये. कोंबड्याचा नराचा पिसारा टेस्टोस्टेरॉनमुळे येत नाही. मादीचा पिसारा इस्ट्रोजेनमुळे येतो, ते नसलं की पिसं नरासारखीच वाढतात. खच्ची कोंबड्याचा पिसारा म्हणून उलट जास्तच डौलदार दिसतो.

दीडपट वजनाच्या आशेने कोणी या कामात पडू नये. खच्ची पक्षी नर कोंबड्याच्या फार पुढे जात नाही, आणि खाद्यही जास्त खातो. मिळते ती चरबी, मांसात मुरलेली, आणि मऊपणा, जो एरवी पाच महिन्यांच्या कोंबड्यात उरत नाही. शिवाय भांडणं नाहीत. हीच गोष्ट औषधाने साधायचा प्रयत्न १९४० नंतरच्या काळात झाला. मानेत हार्मोनची गोळी बसवत. ते हार्मोन मांसात उरतं म्हणून अमेरिकेत १९५९ मध्ये कोंबड्यांसाठी ते बंद झालं. त्यामुळे अवजारांचा रस्ताच उरतो.

स्वच्छतेत हा संच त्रास देतो तो फाशाच्या नळीने. काम झाल्याबरोबर सिरिंजने नळीतून थंड पाणी सोडायचं. गरम पाणी आधी वापरलं तर आतलं रक्त शिजून चिकटतं. मग साबण, ब्रश, आणि प्रेशर कुकरमध्ये १५ ते २० मिनिटं. ब्लीचमध्ये बुडवून ठेवू नये, स्टीलला खड्डे पडतात. एका बैठकीत पाचापेक्षा जास्त पक्षी असतील तर काढायच्या अवजाराचे दोन नग हवेत, एक वापरात आणि एक उकळत. पेटीत एकच असतो.

वर्षाला दहाहून कमी नर निघत असतील तर संच घेऊ नका, हात कधी बसणारच नाही, आणि तेवढे पक्षी साध्या वयात कापलेले बरे. त्याहून जास्त असतील आणि शिकवणारं कोणी जवळ असेल तर घ्या. पाचपैकी तीन गुण: स्प्रेडर आणि चमच्यासाठी अडीच, आकडीसाठी अर्धा. सुरीला शून्य.